सोमवारचा खोकला

लातूर
१८ नोव्हेंबर २०२५

चि. भार्गवी,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे गंधार सोडून सगळे. नांदेडला थंडी पडली का? शाळेत शिकवायला जाताना स्वेटर घालत जा. तू घालत नाहीस, मला माहीत आहे.

पत्र बघून घाबरू नकोस. आजच्या काळात कोण पत्र लिहितं, असं म्हणशील. पण घरात फोनवर बोलायला लागले की सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करतात. आणि मेसेजचा मला भरवसा नाही. तो पुढे जातो, त्याचा स्क्रीनशॉट निघतो. हे ज्या बाईविषयी आहे तिच्यापर्यंत ते जायला नको. वाचून झालं की फाडून टाक.

गंधारचा खोकला दसऱ्यापासून हटत नाही. तिसरी बाटली चालू आहे. दोन वर्षं चार महिन्यांचं लेकरू, खोकून खोकून ओकारी काढतं. परवा पाठीला कान लावला तर आत घरघर ऐकू आली. मला फार भीती वाटते गं. डॉक्टर अजून दमा हा शब्द बोललेले नाहीत, पण मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसते, आता बोलतील म्हणून.

घरात खोकायला काही कारणच नाही. मिहिर मुदखेडला रेल्वेत, शनिवारी येतो नि सोमवारी पहाटेच्या गाडीने जातो. सुपारीसुद्धा खात नाही. सासूबाई तर स्वच्छतेच्या बाबतीत माझ्याही वर. शनिवार-रविवारी गंधार घरी असला की त्याला साग्रसंगीत न्हाऊ घालतात. तेल, कढत पाणी, मग शेगडीवर ओवा आणि लसणाची सालं टाकून धुरी. घर बाळंतिणीच्या खोलीसारखं वासाने भरून जातं. एरवी सकाळच्या घाईत जमत नाही म्हणून त्यांना हळहळ वाटते. त्या आहेत म्हणून मी सात वाजता क्लासमध्ये उभी राहू शकते, हे मी विसरत नाही.

म्हणजे राहिलं काय? पाळणाघर.

तुझी धम्मप्रिया. तूच तिला इथे कामाला लावलंस, पदविकेला एका खोलीत राहायचात म्हणून. लेकरांना तिचा लळा आहे, ते मी नाकारत नाही. पण दीड ते दोन तिची सुट्टी असते, आणि त्या अर्ध्या तासात ती गच्चीवर जाते. खाली येते तेव्हा ओढणी वेगळी असते. जेवायच्या सुट्टीत ओढणी कोण बदलतं? मला ते खटकलं. मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तीन दिवस उभी राहिले. नको असलेल्या कागदांच्या प्रती काढून घेतल्या. दोन दिवस ती नुसती फोनवर बोलत होती. तिसऱ्या दिवशी हातात पेनासारखं निळं काहीतरी होतं, आणि तोंडातून पांढरा लोट.

माझ्या क्लासच्या पोरांना आडून आडून विचारलं, तर खिदळायलाच लागली. म्हणाली, “मॅडम, त्याला व्हेप म्हणतात. बंदी हाय, पण मिळतंय.” तर हे असं आहे. बंदी असलेली वस्तू ओढून ती बाई माझ्या लेकराला भरवते.

काल गंधारच्या दुलईला वास आला. कसला ते सांगता येत नाही, पण वास होता.

पाळणाघराची एक वही असते, रोज घरी येते. किती जेवला, किती झोपला, असं लिहितात आणि खाली पालकांची सही घेतात. धम्मप्रियाचं अक्षर देखणं आहे. पण हल्ली ती त्यात नको ते लिहायला लागली आहे. ते असो.

आता खरं सांग. तुला माहीत होतं का? एका खोलीत राहणाऱ्या मुलीला कळत नाही, असं मला तरी वाटत नाही.

तुझी,
ताई


लातूर
१० डिसेंबर २०२५

भार्गवी,

फोन उचलत नाहीस. आईच्या फोनवरून केला तर “मीटिंगमध्ये आहे” म्हणालीस, आणि मागे कुकरची शिट्टी वाजत होती. म्हणून पुन्हा कागद.

माझं पत्र मिळालं त्या दिवशी फोनवर तू एवढंच म्हणालीस, “ताई, तिचं ऐकून तरी घेतलंस का?” ऐकलं. सगळ्यांसमोर ऐकलं. काय झालं ते तू तिच्या तोंडून ऐकलंच असशील. ती तुझ्याच खोलीवर आली आहे, हे मला कळलं आहे. आता माझ्याकडून ऐक.

मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं. नाव घेतलं नव्हतं. पण दीडची सुट्टी आणि गच्ची म्हटल्यावर नाव घ्यायची गरज नव्हती. शिवमची आई म्हणाली, तरीच आमचा शिवम रात्री कुरकुरतो. आदर्शच्या बाबांनी पोलिसांचं नाव काढलं. शनिवारी मीटिंग झाली. लेकरांच्या त्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही अकरा माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो, आणि ती उभी होती.

ती खोटं बोलली नाही, हे मी लिहिते. पर्समधून ते निळं काढून तिने टेबलावर ठेवलं. म्हणाली, “हाव, ओढते म्या. दहा वर्साची होते तवापासून मिशरी लावायची, मायनंच लावली सवय. ती सुटावी म्हणून पुण्यातल्या एकीनं हे दिलं. चूक हाय. पण लेकरांपाशी कधीच न्हाई. वर ओढते, तोंड धुते, हात धुते, ओढणी बदलते, मंगच खाली येते.”

पाळणाघराच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, माझा मुलगा दोन महिने खोकतो आहे, त्याचं काय? गंधारच्या अंगाला या वस्तूचाच गोड वास येतो. त्याच दिवशी तिला काढलं.

तू म्हणशील मी निष्ठुर आहे. अगं, लेकरं सांभाळणाऱ्या बाईने ओढायचंच कशाला? तुला मूल झालं की विचारीन. डॉक्टरांनीही दिवाळीतच विचारलं होतं, घरात किंवा आसपास धूर असतो का म्हणून. मी ठामपणे सांगितलं, आमच्या घरात कुणी ओढत नाही. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांनीही मान हलवली.

मीटिंगहून घरी आल्यावर त्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “त्यांच्यात चालत असंल तसलं. मी तर आधीपास्नं सांगून राहिले.” मी भाजी निवडत होते. त्यांच्यात म्हणजे कुणाच्यात, ते मला कळलं, तुलाही कळेल. मी निवडतच राहिले.

मीटिंग संपून जाताना धम्मप्रिया पाळणाघराच्या दाराशी थांबली. माझ्याशीच बोलली, हळू आवाजात. “ताई, तुमी वही वाचली का?”

मी म्हटलं, “कुठली वही?”

तिने माझ्याकडे बघितलं आणि चपला घातल्या.

गंधारला आता पाळणाघरात पाठवत नाही. नवीन बाई कशी असेल कोण जाणे. तो घरीच आहे, सासूबाईंच्या नजरेखाली, सगळ्यात सुरक्षित जागी. खोकला कमी होईल आता. झाला की कळवते.

ताई


लातूर
९ जानेवारी २०२६

भार्गवी,

खोकला कमी झाला नाही. वाढला.

तीन आठवडे तो घरी होता. सव्वीस डिसेंबरला दुपारी क्लासमध्ये फोन आला, सासूबाईंचा. “पोरगं निळं पडून राहिलंय, ये.” फळ्यावर मी फुप्फुसाची आकृती काढत होते. लातूरभरच्या पोरांना श्वसनसंस्था मी शिकवते, तुला माहीतच आहे. अर्धी आकृती तशीच टाकून पळाले.

दवाखान्यात चार दिवस होतो. तोंडाला मास्क लावला की तो माझी बोटं धरून ठेवायचा. आता घरी आहे, श्वास मोकळा आहे. आधी हे सांगायला हवं होतं. तुला मिहिरने कळवलं असेल, आणि तू मिहिरला दोनदा फोन केलास, तेही त्याने सांगितलं. मला नाही केलास. बरोबर केलंस.

दवाखान्यातल्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी नीट, एकेक नाव घेऊन. सिगारेट? चूल? अगरबत्ती? धुरी? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, “धुरी तर देतेच की. आता घरीच हाय म्हणून रोज देते, दोन टायमाला. दार लावून घेते, म्हणजे वाया जात न्हाई. आमच्या मिहिरला पाच वर्सं दिली.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, मागच्या वेळी मी विचारलं होतं.”

हो, विचारलं होतं. आणि मला तेव्हाच आठवलं होतं. त्यांनी धूर म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर शेगडी आली होती. पण सासूबाई शेजारी होत्या. त्यांच्यासमोर, त्यांच्या हातून माझं लेकरू आजारी पडतं आहे असं म्हणायचं? मग सकाळी सातला क्लासला कोण जाणार? म्हणून मी ओढण्याचं उत्तर दिलं. धुराचं दिलंच नाही. तिथून घरी येताना मी दुसरं कुणीतरी शोधायला लागले होते.

एवढंच असतं तरी एक वेळ बरं होतं. तुला वहीचं सांगायचं आहे. पहिल्या पत्रात “ते असो” म्हणून सोडून दिलं होतं, ते.

३ नोव्हेंबर, सोमवार. धम्मप्रियाने लिहिलं होतं: “बाळ सोमवारी लई खोकतं, शुक्रवारपर्यंत कमी होतं. चार आठवडे बघते आहे. शनिवार-रविवार घरी काही धूर होतो का? कृपया कळवावे.” खाली पालकांची सही, आणि पुढे रेघ.

मला संताप आला. ही कोण माझ्या घरात डोकावणारी? ही मला शिकवणार? मी ते पान फाडलं. त्याच आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभी राहिले. क्रम लक्षात आला ना? आधी तिने विचारलं. मग मी तिच्यावर पाळत ठेवली.

आणि तो गोड वास. गंधारच्या अंगाला तो कधीच आला नाही. दुलईला होता तो ओव्याचा वास. मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. निघून गेलं असंही का म्हणू, मी बोलले. त्या एका वाक्यावर तिची नोकरी गेली.

तिने ओढायला नको होतं, हे मी आजही म्हणते. वर जाऊनही नको. ते पालक म्हणून मी म्हणू शकते. पण माझा मुलगा तिच्यामुळे आजारी पडला नव्हता. उलट ती एकटीच होती जिने वार मोजले. मी आई आणि मी जीवशास्त्राची बाई, मला नाही सुचलं.

मागच्या सोमवारी पाळणाघराच्या बाईंकडे गेले, तिला परत घ्या म्हणायला. त्या म्हणाल्या, “ओढत होती हे तर खरं ना, मॅडम? पालक ऐकायचे न्हाईत.” मग म्हणाल्या, नांदेडच्या एका पाळणाघरातून तिच्याबद्दल विचारायला फोन आला होता. त्यांनी सांगितलं, तक्रार होती, तिच्यामुळे एक लेकरू आजारी पडलं. हे ऐकून मी तिथल्या बुटक्या खुर्चीवर बसले. म्हणजे माझं वाक्य नांदेडला पोचलं, आणि तिथेही तिच्या आडवं आलं.

परवा ग्रुपवर सगळं लिहिलं, धुरीसकट. आदर्शच्या बाबांनी अंगठा दाखवला. शिवमची आई म्हणाली, तुमचं घरचं आहे, इथे कशाला? सासूबाईंना मी आधी वाचून दाखवलं. शेगडी माळ्यावर ठेवली आहे, ती त्यांनी स्वतःच ठेवली. काल गंधार झोपला असताना त्याच्या छातीवर हात ठेवून खूप वेळ बसल्या होत्या. त्यांना मी काय बोलणार? त्यांना खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

ते पान मी फाडलं, पण टाकलं नव्हतं. का ते विचारू नकोस. मिहिरच्या जुन्या पुस्तकात घालून ठेवलं होतं. या पत्रासोबत ते पाठवते आहे. माझं पहिलं पत्र फाडायला सांगितलं होतं, हे पत्र आणि ते पान मात्र फाडू नकोस. धम्मप्रियाला दे. वाचायचं की नाही ते ती ठरवेल. जिथे कामाला जाईल आणि विचारतील, तिथे हे पत्र दाखवायचं. मागे माझा नंबर लिहिला आहे, फोन आला तर मी सांगेन. तुझ्याकडून मला काही नको. फोनही करू नकोस, मन झालं तरच कर.

तिच्या प्रश्नाखाली जागा होती. तिथे मी उत्तर लिहिलं आहे, दोन महिने उशिरा: “होय. होतो. शनिवार-रविवार. तुम्ही विचारलं तेव्हा मला माहीत होतं.” त्याखालची रेघही रिकामी राहिली होती, ती आज भरली. या पत्रालाही तीच सही करते.

पालकांची सही:
देविका