गर्दी मोजली त्या दिवशी

ता. ९, रविवार दुपार

माझ्या ढमाबाईला आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत. आधी आनंदाची बातमी ऐक. आपली पलीकडच्या गावाची बस बंद होणार नाही! तुमच्याच हापिसातून कागद आला म्हणे. ड्रायव्हरने भोंगा वाजवून सगळी गल्ली उठवली.

तू मागे लिहिलं होतंस, सरकार बसचे पैसे गर्दी बघून वाटतं. म्हणून तुमच्या शहराला जमिनीखालून गाडी आणि आम्हाला हा एक खटारा. हिवाळाभर तोही बंद ठेवला होता. अगं, बस धड येतच नाही तर माणसं थांबतील कशाला? आणि माणसं नाहीत म्हणून तुम्ही बस काढणार. हा कुठला न्याय गं?

तर बसमधली माणसं मोजणारा साहेब आला त्या दिवशी गर्दी झाली. कशी झाली ते सांगते, पण रागावू नकोस. मी, शेजारची शिंपीण आणि वरच्या मजल्यावरचे मास्तर. पलीकडे उतरायचं, परत चढायचं. शिंपीण दर खेपेला डोक्याला नवा रुमाल बांधायची. मास्तरांनी मात्र पोपटाचा पिंजरा आणलेला! घरी एकटा ओरडतो म्हणे.

साहेब म्हणाला, "आजी, हा पोपट मी सकाळपासून बघतोय."

मी म्हटलं, "पोपट कशाला मोजता? माणसं मोजा."

"माणसं तरी कुठे वेगळी आहेत?"

"तिकीट दर वेळी काढलंय. तुमच्या शहरात एकच माणूस जातो नि येतो, त्याला दोनदा मोजता की नाही?"

तो हसला आणि त्याने हातातलं यंत्र टिकटिक दाबलं. पोपटाचं नाही दाबलं, मी बघत होते.

कागद तुझ्या टेबलावरून गेला असेल, म्हणून तुला कळवलं. वरच्यांना सांगावंसं वाटलं तर सांग बाई. तुझी नोकरी आहे, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. बस काढून घेतील का गं?

तुझी धाकटी आजी, माझी बहीण, बरी आहे असं मी गेल्या पत्रात लिहिलं होतं. मला काय माहीत, बस नव्हती तर मी गेले कुठे होते? त्या दिवशी मधल्या एका खेपेला मी पलीकडेच राहिले. तिचा वृद्धाश्रम थांब्यासमोरच आहे. मला बघून म्हणाली, "बाई, तुम्ही कोण?"

मी म्हटलं, वेणी घालायला आलेय. तेव्हा पाठ करून बसली, मान मागे टाकली. लहानपणी माझ्यापुढे बसायची, अगदी तश्शी.

आता मी एक दिवसाआड जाते. काल तिने माझा हात धरून ठेवला, बस चुकली, पुढच्या बसने आले. पुढची बस आहे, म्हणून चुकवता येते.

तेव्हा वरच्यांना सांगशील तर तेवढंही सांग, की त्या सगळ्या फेऱ्यांत एक फेरी खरी होती.

त्याच फेरीतली,
तुझी आजी