उथळ वाटी

२ मार्च १९८४
पालघरला हाडांच्या डॉ.कडे जाऊन आले. बाळंतपणानंतर उजव्या पायावर उभंच राहवेना. लंगडणं लहानपणापासूनचं, आई म्हणायची, चालायची खोडच आहे तुझी. डॉ.नी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. मांडीच्या हाडाचा गोळा, त्यावर खुब्यातली वाटी. "तुमची वाटी उथळ आहे. खोल असती तर भार सगळीकडे वाटला गेला असता. इथे सगळं अंग एवढ्याशा काठावर पडतं." अंगठ्याचं नख दाखवलं. हाडावरची गुळगुळीत कूर्चा तिथे झिजून गेलीय, चपलेची टाच एका बाजूनं झिजते तशी. परत भरून येत नाही.
एकोणतीस वय.
निघताना म्हणाले, "मुलगी झालीय ना? तिला घेऊन या."

६ मार्च
वैशूला नेलं. डॉ.नी तिच्या मांड्या धरून हळूच बाहेर उघडल्या. डावीकडे टक्. माझं बोट तिथं ठेवायला लावलं. पुन्हा टक्.
गोळा वाटीत ठरत नाहीये. "हाड अजून कोवळं आहे. गोळा आत बसून राहिला तर वाटी त्याच्याभोवती खोल घडते. बाहेर राहिला तर उथळच राहील." पाय फाकवून ठेवणारा पट्टा, दिवसरात्र. पाय सरळ करून दुपट्यात आवळायचं नाही, हे दोनदा बजावलं.
एस.टी.त रडले. शिरगावला उतरायच्या आत तोंड पुसलं.

७ मार्च
सासूबाई पट्ट्याकडे बघत राहिल्या. "पोरीचा बेडूक करून ठेवला. आमी सगली पोरां आवलून बांदली. कोनाचा पाय वाकडा हाय?" हे बोईसरच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेले, जेवत होते. जेवतच राहिले.

१६ एप्रिल
रजा संपली, शाळेत हजर. खुर्चीत बसूनच शिकवते. हेडमास्तर दारातून पाहून गेले.
वैशूसाठी सासूबाईंनी बाजारात मासळी घेऊन बसणं सोडलं. त्याबद्दल एक शब्द नाही बोलल्या. मी तरी कुठे बोलले.

२४ एप्रिल
दुपारीच शाळा सुटली. घरी आले तर पट्टा खुंटीला. वैशू दुपट्यात, पाय जुळवून सरळ, घट्ट आवळलेली. शांत झोपलेली. अंगाला तेलाचा वास.
"रोज?" विचारलं.
"मग काय? त्यात रडते ती. तुला नाय ऐकू येत, मला येते. तू यायच्या आत पट्टा बांदते परत."
मी सोडायला लागले तशी उठली, रडली. सासूबाईही रडल्या. मी नाही.

२५ एप्रिल
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "आईला काय बोलू? ती सांभाळते म्हणून तुझी नोकरी चाललीय."
खरं आहे. म्हणूनच जास्त लागलं.

३० एप्रिल
बिनपगारी रजेचा अर्ज दिला. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुमची जागा अजून कायम नाही, विचार करा." केला आहे. वैशूला उचलून उभं राहिलं की खुब्यात कळ येते, डोळ्यांपुढे काळं. बसूनच घेते आता.
सासूबाई पुन्हा टोपली घेऊन बाजारात जायला लागल्या. आमच्यात बोलणं नाही.

११ जुलै
शाळेत माझ्या जागेवर दुसऱ्या बाई आल्याचं कळलं.
वैशू पट्ट्यात आता रडत नाही. हसते.

१८ ऑगस्ट
फोटोचा दिवस. सासूबाई न विचारता बरोबर आल्या, वैशूला त्यांनीच घेतलं. मला चालताना हात हवा होता, तोही त्यांनीच दिला.
डॉ. बराच वेळ फोटोकडे बघत होते. वाटी थोडी घडलीय, पुरेशी नाही. गोळा अजून काठाशीच. मुंबईला न्या, भूल देऊन बसवतील, कमरेपासून प्लॅस्टर, काही महिने. मग तरी बसेल ना? "बघू." मी विचारलं, कशानं झालं? म्हणाले, आईकडून मुलीकडे येतं कधी. आवळून बांधल्यानं वाढतं. कुठलं किती, कोण सांगणार.
बाहेर बाकावर सासूबाई वैशूचे पाय हळूहळू चोळत होत्या. मी सांगितलं तेवढं ऐकून घेतलं. मग खाली बघूनच म्हणाल्या, "माज्यामुलं झाला काय गो?"
नाही म्हणायला हवं होतं. हो म्हणायचंही ओठांवर आलं होतं. वैशूला त्यांच्याकडून घेतलं.
सोमवारी मुंबई.