सरपंचांचं राहिलेलं भाषण

आंबेवाडी, ता. मुळशी
४ फेब्रुवारी

ती. विश्रामदादास शि. सा. न. वि. वि.

आपल्या गावाला बहीण मिळाली! जपानमधल्या एका खेड्याशी भगिनी-गाव करार झालाय. इथे सख्ख्या भावांचं बांधावरून पटत नाही, पण बहीण समुद्रापलीकडची चालते. वीस तारखेला तिथल्या आरोग्यसेविका येतायत. मग आपल्याकडचा एक ‘लोकनेता’ पंधरा दिवस तिकडे जाणार, घरोघरी रक्तदाब कसा सांभाळतात ते शिकायला.

सरपंच दादासाहेबांनी स्वतःचंच नाव धाडलं. मला जायचं होतं, दादा. चौदा वर्षं आशाताई म्हणून तेच तर करतेय. पण आपलं नाव आपणच कसं सुचवायचं? लोक काय म्हणतील?

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्यावी.

तुझी,
अनसूया


सूस
९ फेब्रुवारी

चि. सौ. अनसूयास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू माझं बोलणं अर्ध्यात तोडतेस, म्हणून पत्र.

लोक काय म्हणतील? त्यांचे रक्तदाब तुझ्या वहीत आहेत, त्यांनीच जपून बोलावं! आमच्या सोसायटीत बावीस मजले, चार समित्या आणि चार अध्यक्ष. तरी तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी चक्कर येऊन पडली हे दोन दिवसांनी कळलं. तुला वाडीतली शिंकसुद्धा ठाऊक असते. आणि दादासाहेब! शाळेत माझ्याच बाकावर होता. लस टोचायला आले की खिडकीतून पळायचा. तो आरोग्याचा नेता?

मुकाट्याने नाव दे.

प्रेम आहेच, रागही त्यातलाच समज.

विश्राम


आंबेवाडी
२१ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

नाव दिलं नाही. रागावण्याआधी कालचं ऐक.

शाली, नारळ, फेटे यांत दीड तास गेला. आरोग्याला उरली दहा मिनिटं. पाहुण्या म्हणाल्या, रक्तदाब कसा तपासता ते दाखवा. फोटो निघणार म्हणून दादासाहेबांनीच हात पुढे केला. वरचा आकडा दोनशे दहा! दुसऱ्या हातावर पाहिला, तोच. सकाळपासून डोकं दुखतंय, हे तेव्हा कबूल केलं. तरी म्हणे, भाषण तेवढं उरकू दे की अनसे, लई तयारी केलीया.

मी त्यांच्या हातातला माईक काढून घेतला, कार्यक्रम संपला म्हणून जाहीर केलं आणि फेट्यासकट गाडीत घालून पौडला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आता बरे आहेत.

नावांची मुदत परवा संपतेय. पण खाटेवरच्या माणसाला, तुमचं नाव काढा, असं कुठल्या तोंडाने सांगू? राहू दे.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

अनसूया


सूस
२४ फेब्रुवारी

चि. सौ. अनसूयास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र आज मिळालं. खबर आधीच लागली होती. परवाच पौडला जाऊन आलो. फळं घेऊन गेलो, पण भांडायच्या तयारीने. मी काही बोलायच्या आत दादासाहेब म्हणाला, इश्राम, त्वांड उघडू नगंस, अर्ज कवाच गेलाय.

स्वतःचं नाव मागे घेऊन त्याने तुझं दिलंय. ग्रामसेवकाने खाटेशी बसून अर्ज भरला, उत्तरं दादासाहेबाने सांगितली. प्रत मला दाखवली. मी ती अख्ख्या वॉर्डाला मोठ्याने वाचून दाखवली. नर्सबाई ओरडल्या, तेव्हा त्यांनाही वाचून दाखवली. नेतृत्वाच्या अनुभवापुढे एवढंच लिहिलंय: भर सभेत सरपंचाचं भाषण बंद पाडलं. सरपंचानं ऐकलं.

पासपोर्टच्या फोटोत हस.

तुझ्यामुळे मान ताठ झालेला,
विश्राम