माझ्यासाठी वाढलेलं ताट

प्रिय आबा,

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा फोनवर दोन मिनिटं बोलणं व्हायचं. मनीषा कशी आहे, नातवंडं काय म्हणतात, पाऊस पडला का, एवढंच. मुलीचा बाप आणि मुलीचा सासरा आणखी काय बोलणार? पण परवाच्या रविवारी मला तुमच्याबद्दल असं काही कळलं, की तेव्हापासून पूजेला बसलो तरी मन तिथेच जातं. मनीषाला सांगून उपयोग नाही, ती रडेल. म्हणून तुम्हालाच लिहितो.

आपल्या नातवंडांना मी संगीत नाटकाला नेलं, आबा. हो, शेवटी नेलं!

ही कल्पना तुमची. ओम चालायला लागला तेव्हाच तुम्ही म्हणाला होतात, "नाना, आपण दोन्ही आजोबा पोरांना पेटी-तबल्याचं नाटक दाखवू. मोबाइलमधलं नाही, समोर गाणारा माणूस. आणि मग बाहेर जेवू. हॉटेलात तरी जेवाल ना? हॉटेल काही माझ्या बापाचं नाही!"

मी हसलो आणि "बघू" म्हणालो. पुढच्या वर्षीही "बघू" म्हणालो. मला माहीत होतं, हॉटेलात तुम्ही मला खिशात हात घालू देणार नाही. म्हणजे ते जेवणही तुमचंच झालं असतं.

मुलीच्या सासरचं अन्न घ्यायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. माझे वडील माझ्या बहिणीच्या घरी आयुष्यभर ओट्यावर बसून परत आले. कन्यादान केलं, दान दिलेल्या घरातून परत काही घ्यायचं नाही, असं ते म्हणायचे. नातवंड झालं की ही रीत सुटते, असं मला सगळ्यांनी सांगितलं. पाचोऱ्याच्या माझ्या मामांनीही सांगितलं. तरी मी धरून बसलो. खरं सांगू का? गावाकडचे लोक "हा अगदी बापासारखा" म्हणायचे, ते मला आवडायचं. एवढंच त्यामागे होतं की काय, असं आता वाटतं.

जळगावहून धुळ्याला यायचो तेव्हा मनीषाची आई डबा आणि पाण्याची बाटली द्यायची. तुमच्या घराबाहेर, त्या कडुलिंबाखाली, मी डबा संपवायचो आणि मग दार वाजवायचो. तुम्ही आत बोलवायचात, आमच्या विहीणबाई, अक्का, ताट करायला घ्यायच्या, आणि मी हात जोडायचो, "आज उपास आहे."

सोमवार माझा, गुरुवार माझा, शनिवार माझा. एकादशी, चतुर्थी वेगळ्या. एकदा मंगळवारी आलो तर तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलंत आणि चष्मा लावून बघितलंत. "नाना, आज तर काहीच नाही. बठ्ठा वार तुम्हना उपासनाच शेतस का?" सगळेच वार माझ्या उपासाचे का, म्हणे! अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्हीही हसलात. मीही हसलो. मला वाटलं, गमतीत गेलं.

देवाच्या नावाने मी तुमच्याशी दहा वर्षं खोटं बोललो, आबा. रोज सकाळी देवापुढे बसणारा माणूस मी. त्याला हे दिसत नव्हतं का?

तर नाटक. धुळ्यात दुपारी चारचा खेळ होता. मुलांसाठीच लिहिलेलं, पण पेटी-तबला खरा, रंगमंचाच्या डाव्या अंगाला मांडलेला. गार्गीने आठ वर्षांच्या मानाने फारच गंभीरपणे विचारलं, "नाना, यात नुसतं गातात का? मध्ये बोलतात पण?" ओम पाच वर्षांचा. त्याचा एकच प्रश्न, "यात वाघ आहे का?" वाघ नव्हता. एका राजाचा आचारी होता. त्याला गाणं म्हटल्याशिवाय स्वयंपाक जमत नाही. राजाची झोपमोड होते म्हणून राजा गाण्यावर बंदी घालतो, आणि राज्यातलं सगळं जेवण बेचव होऊन जातं.

पहिलं गाणं सुरू झालं आणि आचाऱ्याने हातातलं लाटणं उंच धरून अशी तान घेतली, की मला तुम्हीच आठवलात. नोकरीत असताना विजेच्या खांबावर चढून तार जोडताना तुम्ही गायचात म्हणे, आणि खालचे लोक दिवे कधी येतील हे विचारायचं विसरून ऐकत राहायचे. यातलं खरं किती, देव जाणे! पण सकाळी दाढी करताना तुम्ही गायचात, ते मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं आहे. तोंडाला साबण असताना वरचा सूर लावणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

ओमने ऐन शांत जागी "नाना, शू!" असं मोठ्याने सांगितलं. पुढच्या रांगेतल्या बाई वळून हसल्या. त्याला नेऊन आणलं तोवर राजा आजारी पडला होता. गार्गी कुजबुजली, "तुमचं सगळ्यात चांगलं गाणं गेलं." अगदी तुमच्या आवाजात, आबा. तोच चिडका सूर.

आणि मग ते झालं. शेवटी राजा बंदी उठवतो, आचारी लाडवांचं ताट घेऊन गात गात खाली प्रेक्षकांत येतो. लाडू थर्माकोलचे, पिवळा रंग दिलेले. मुलं हात पुढे करत होती. तो आमच्या रांगेशी आला, माझ्यासमोर थांबला, ताट पुढे केलं आणि सुरातच म्हणाला, "घ्या आजोबा, घ्या!"

मी काय केलं असेल? हात जोडले आणि म्हणालो, "नको, उपास आहे."

विचार करून नाही म्हणालो, तोंडातून आपोआप गेलं. त्याच्या गळ्याजवळ माईक होता. अख्ख्या नाट्यगृहाने ऐकलं. जो हशा पिकला! तो नटही पक्का, पेटीवाल्याकडे बघून त्याने लगेच त्याच चालीत गायलं, "आजोबांना उपास, द्या साबुदाण्याचा घास!" ओम खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवत होता. आपला आजोबा नाटकात आला, असं त्याला वाटलं. मीही हसत होतो. गार्गी तेवढी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

नंतर आम्ही जेवायला गेलो. बसस्टँडच्या अलीकडे एक बरं हॉटेल आहे, शाकाहारी. ओमला मंचुरियन हवं होतं, ते आलं तर तिखट लागलं म्हणून त्याने सगळं माझ्या ताटात सारलं. गार्गीने मेनूकार्ड दोन्ही हातांत धरून मोठ्या माणसासारखी ऑर्डर दिली. मला भूक लागली होती. पनीरची भाजी, दाल, दोन रोट्या, वर भात, असं मी चांगलं जेवलो.

ओम म्हणाला, "नाना, तुमचा उपास सुटला?"

मी काही बोलायच्या आत गार्गी म्हणाली, "त्यांचा उपास फक्त आपल्या घरी असतो."

घास हातातच राहिला, आबा. आठ वर्षांची पोर! तिच्या बोलण्यात राग नव्हता. शाळेत शिकलेली गोष्ट सांगावी तसं तिने सांगितलं.

मी म्हणालो, "तसं नाही गं बेटा. ती एक रीत असते."

"मग तुमचं आबांशी भांडण नव्हतं?"

"नाही गं! कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मलाच वाटायचं." ती थोडा वेळ ताटात रोटीचे तुकडे करत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही गेल्यावर आबा परत जेवायचे. तुमचं ताट."

मला कळेना. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तिने सगळं सांगितलं. मी नको म्हणून निघालो, की तुम्ही ओट्यावर उभे राहून मी रिक्षात बसेपर्यंत हात हलवायचात. मग आत येऊन, स्वतःचं जेवण झालेलं असलं तरी, माझ्यासाठी वाढलेल्या ताटावर बसायचात. खापरावरच्या पुरणपोळ्या असल्या तरी, शिरा असला तरी. अक्का ओरडायच्या, "साखर वाढेल, सोडा ते!" आणि तुम्ही म्हणायचात, "पाहुण्याचं वाढलेलं ताट परत भांड्यात नाही ओतायचं. मुलीच्या बापाचं आहे."

"आबांचं पोट दुखायचं मग," गार्गी म्हणाली. "ते मला सांगायचे, नानांना सांगू नको हं, त्यांना वाईट वाटेल."

हे तुम्ही का सांगितलं नाहीत? एकदा तरी सांगायचं होतंत, आबा! "तुमच्यापायी माझी साखर वाढते" असं म्हणाला असतात, तर मी एवढा दगड नव्हतो. का होतो? खरंच सांगितलं असतंत तरी मी चतुर्थी पुढे केली असती का? याचं उत्तर मला देता येत नाही, आणि तेच मला टोचतं.

रोज सकाळी मी देवापुढे नैवेद्य ठेवतो. देव हात लावत नाही, म्हणून आपण तो टाकून देत नाही, प्रसाद म्हणून खातो. तुम्ही माझं ताट तसंच धरलंत. पण मी कोण? देव कसला, एका जागी अडून बसलेला माणूस. तुम्ही गेल्यानंतरच्या गंधमुक्तीच्या जेवणालाही मी पंगतीत वाढायचं काम अंगावर घेतलं, म्हणजे बसावं लागणार नाही. बुंदीची बादली घेऊन फिरलो आणि घामाघूम झालो. लोक म्हणाले, व्याही असावा तर असा. त्या दिवशी माझं ताट करून कोण जेवलं असेल, आबा?

साडेआठला मुलांना घेऊन तुमच्या घरी पोचलो. जावईबापू कामावरून यायचे होते. नेहमीसारखं मुलांना आत सोडून निघायचं होतं. पण मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो. अक्का सोफ्याच्या कडेला शेंगा फोडत बसल्या होत्या. मी म्हणालो, "अक्का, चहा टाकता का?"

मनीषा स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात उलथनं तसंच. अक्कांनी माझ्याकडे वर बघितलं.

"आते?" त्या म्हणाल्या. "आते कोनासाठे?"

शेंगांची टरफलं मांडीवरून झटकून त्या उठल्या आणि आत गेल्या. वाटलं, उठावं आणि जावं. मनीषा मला डोळ्यांनीच "बसा" म्हणाली. आतून लायटरचा आवाज आला, दोनदा, तीनदा. गॅस पेटला. ओम येऊन माझ्या मांडीवर बसला आणि आजीला ओरडून सांगायला लागला, की नाना नाटकात होते, आणि सगळे हसले.

चहा आला. अक्का समोर बसल्या. मी घोट घेतला. साखरेचा कणही नव्हता, नुसता कडू, उकळलेला. मी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. कप अर्धा झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "साखरच टाकी नही! सवय पडी गई."

त्या साखर आणायला उठायला लागल्या, तर मी म्हटलं, "राहू द्या अक्का, असाच चांगला आहे." तो चांगला नव्हता, आबा. पण मी कप रिकामा केला. अक्कांनी तो माझ्या हातातून घेतला, आत वाकून बघितलं, आणि विसळायला नेला. मनीषा भिंतीला टेकून उभी होती. तिने तोंड फिरवलं. अक्कांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. विचारायचा हक्कही मला नाही.

निघताना गार्गी दारापर्यंत आली. म्हणाली, "नाना, आता तुमचं ताट तुम्हीच खाल ना?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हो म्हणालो.

माझ्या वडिलांना मी चूक म्हणत नाही. त्यांच्या मनात त्यांच्या काळाचा धाक होता. पण ज्या घराने माझ्या लेकीला दहा वर्षं सांभाळलं, त्या घराचं ताट मी दहा वर्षं परतवलं. असं दान कुठल्या देवाला पोचत असेल?

पुढच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध आहे. या वेळी मी बादली हातात घेणार नाही. मनीषाची आईही येईल, डबा न घेता. अक्कांना आधी कळवून ठेवीन, म्हणजे त्या पुन्हा "कोनासाठे" विचारणार नाहीत, आणि विचारलंच तर मान खाली घालून ऐकून घेईन. पहिल्या पंगतीला बसेन, गार्गी आणि ओमच्या मध्ये. ताटात येईल ते सगळं खाईन. आणि आबा, आग्रह करायला तुम्ही नसाल, म्हणून दुसरी पोळी मीच मागून घेईन.

दहा वर्षं तुमच्या दारात उभा राहिलेला
तुमचा व्याही,
नाना
पिंप्राळा, जळगाव