रिम्शाबाईंची ती ओळ

३ फेब्रुवारी २०२३, सुवाउकी

उणे एकोणीस! नाकातले केस गोठले. तरी गेले.

रिम्शाबाईंनी दार उघडलं ते हातात प्रूफांची चळत घेऊनच. म्हणाल्या, "बूट काढ, चहा घे, वाचायला लाग." शहात्तर वर्षांची बाई! पायात नवऱ्याचे जुने लोकरीचे मोजे – नवरा जाऊन वीस वर्षं झाली.

मोर्ता गाइल्यूतेच्या कवितांची नवी आवृत्ती निघते आहे. मोर्ता लिथुआनियन. सीमेपलीकडच्या गावातली नावाड्याची मुलगी, एकच वही लिहून गेली. बाईंनी ती पोलिशमध्ये आणली १९८७ साली, आणि टंकलिखित प्रत मी केली होती, बियाविस्तोकच्या प्रकाशनात. तेव्हा मी बावीसची. आता निवृत्त मुद्रितशोधक, आणि प्रूफं पुन्हा माझ्याकडेच.

प्रत्येक ओळ तीनदा मोठ्यानं वाचायला लावतात. "डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस इर्मिना, डोळे कामचुकार असतात."

९ फेब्रुवारी

एका शब्दावर दोन दिवस अडलो. तळं गोठताना बर्फातून जो आवाज येतो त्याला मोर्ताच्या भाषेत एक शब्द आहे. बाईंनी जुन्या आवृत्तीत 'बर्फ गातो' केलं होतं. आता पटत नाही. "गातो कसला! मी तेव्हा तरुण होते, मला सगळंच गाताना ऐकू यायचं."

शेवटी बाजारात गेलो. मासेवालीला विचारलं. तिनं आमच्याकडे वेड्यांकडे पाहावं तसं पाहिलं.

"बर्फ होय? कण्हतो की. माझ्या म्हाताऱ्यासारखा. कुशीवर वळला की कण्हतो."

बाईंनी तिथेच मासेवालीचा हात धरला. थंडगार, खवले लागलेला. "कण्हतो! अहो, छत्तीस वर्षं कुठे होता तुम्ही?"

"इथेच. मासे घेताय का?"

घेतले. पाइक मासा. बाईंना मासे आवडत नाहीत.

ही बाई चाळीस वर्षं हवामान केंद्रात नोकरीला होती. सकाळी सहाला तापमान लिहायचं, सातला कविता. स्वतःचे चारच संग्रह – बारीक, पापडासारखे. दुसऱ्यांची भाषांतरं एकोणीस. कुणी विचारलं की म्हणतात, "माझ्याकडे सांगण्यासारखं चार पुस्तकांपुरतंच होतं. इतरांकडे जास्त होतं."

१७ फेब्रुवारी

काय लिहू!

आज *ती* ओळ आली. सगळ्या देशाला पाठ असलेली. मी प्रूफ न बघताच म्हणून टाकली –

वाट पाहा, माझी पावलं पलीकडच्या काठानं.

बाई समोर मूळ लिथुआनियन धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "पुन्हा." वाचली. "पुन्हा." वाचली. मग त्यांनी बोट ठेवलं आणि मूळ ओळ स्वतः वाचली. मला कळत नाही ती भाषा.

"इर्मिना, इथे 'नको' आहे."

वाट पाहू *नकोस*.

आमच्या भाषेत तो एक इवलासा शब्द. ओळीच्या तोंडाशी. तोच नाही. छत्तीस वर्षं नाही!

१८ फेब्रुवारी

गेले नाही. बाईंचाही फोन नाही.

२० फेब्रुवारी

भांडले. रिम्शाबाईंशी कधी भांडेन असं वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, राहू द्या ना. लोक लग्नाच्या पत्रिकेवर छापतात. औषधवाल्यानं गल्ल्यामागे चौकटीत लावली आहे. कुणाचं काय बिघडतं?

"मोर्ताचं."

"मोर्ता मेली, बाई."

"म्हणूनच. जिवंत बाई स्वतः भांडली असती. मेलेल्या बाईनं 'नको' म्हटलंय, ते मी गिळून बसू?"

मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, "माझ्या वितेकच्या कबरीच्या दगडावर कोरली आहे ती! तो गेल्यापासून अकरा वर्षं मी दर रविवारी वाचते!"

बाई उठल्या. खिडकीशी गेल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुझ्या दगडाला मी हात लावणार नाही. पुस्तकाला लावणार."

कोट नीट न घालताच निघाले. जिन्यात बटणं लावली.

५ मार्च

रोमुआल्द आला होता, मधाची बरणी घेऊन. विग्रीच्या तळ्याकाठी त्याच्या मधमाश्या. मागच्या वर्षी त्यानं विचारलं होतं, येतेस का तिकडे राहायला. मी म्हटलं होतं, मी वाट पाहतेय. त्यावर तो, "कुणाची? बसची?" मी त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते.

आज ओळीचं सांगितलं. वाटलं, चेष्टा करेल. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "वितेकला तुझ्याकडून काय हवं होतं, हे तुला दगडानं सांगायचं होय?"

मी त्याला बटाट्याचे गोळे वाढले आणि विषय बदलला.

२२ मार्च

बाईंचा फोन. दोघींनी भांडणाचा शब्द काढला नाही. प्रकाशक चिडलाय – वाचक अंगावर येतील, ती ओळच तर लोकांना हवी असते, तळटीप देऊन भागवा. बाई म्हणाल्या, "तळटीप! म्हणजे नकार तळघरात आणि होकार दिवाणखान्यात."

पुढची प्रूफं घेऊन उद्या जाते. आवाज थकलेला वाटला. जुने कागद काढून बसल्या होत्या म्हणे, धूळ घशात गेली.

२४ मार्च

बाई माझ्याशी फारच गोड वागतायत. खसखशीचा केक स्वतः केला! केक करणाऱ्यांतल्या नाहीत त्या. खाली करपला होता.

१३ मे

वाचनालयात प्रकाशन. खुर्च्या कमी पडल्या. औषधवाला, मासेवाली (नव्या स्कार्फमध्ये!), पुन्स्कहून लिथुआनियन म्हाताऱ्या बायकांची एक अख्खी रांग.

बाईंनी कण्हणारा बर्फ वाचला. मासेवाली शेजारणीला कोपरानं ढोसत होती. मग चष्मा काढून म्हणाल्या –

"आता एक चूक कबूल करायची आहे."

आणि सांगितलं. सरळ, एकही विशेषण नाही. हवामानाचा आकडा सांगावा तसं.

मागून एक माणूस उभा राहिला, लालबुंद. "माझ्या आईच्या दगडावर आहे ती! मी काय आता दगड फोडू?"

"नका फोडू. तुम्ही ती आईसाठी निवडलीत, ती तुमची आहे. चूक तेवढी माझी."

"तेव्हा कुणी तपासलं नाही? तुमच्याकडे माणसं असतात ना – टंकलेखक, मुद्रितशोधक?"

मी पहिल्याच रांगेत. मान खाली गेली, उगाचच.

बाई म्हणाल्या, "पुस्तकावर नाव माझं होतं. शेवटच्या प्रूफावर सही माझी होती. छत्तीस वर्षं कौतुक मी एकटीनं घेतलं, तेव्हा कुणाला वाटून दिलं नाही. आता चूक कशी वाटू?"

माणूस बसला. तेवढ्यात पुन्स्कच्या रांगेतून एक आजी, काठीवर हनुवटी टेकवून – "आम्ही लहानपणापासून 'नको'च म्हणतो बाई. आम्हाला वाटायचं, पोलिश लोकांना असंच आवडत असेल."

अख्खं वाचनालय हसलं. बाईसुद्धा. तो माणूससुद्धा, डोळे पुसत. मग टाळ्या – मी इतक्या टाळ्या कवितेला कधी ऐकल्या नाहीत.

असं उभं राहता आलं पाहिजे. मला नसतं आलं.

२५ जून

विग्रीला दोन दिवस. माशी एकदा चावली. रोमुआल्दनं एकदाही काही विचारलं नाही.

१ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. कबरस्तानात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे मेणबत्त्या. वितेकच्या दगडावरची पानं झाडली, शेवंती ठेवली. नेहमीप्रमाणे ओळ वाचली. आणि मग – शेजारचं कुणी ऐकत नाही असं बघून – मोर्ताची खरी ओळ मोठ्यानं म्हटली. तीनदा, बाईंच्या शिस्तीनं.

वितेक ऐकत असेल तर त्याला नवल वाटलं नसणार. आमच्या लग्नाआधी तो लिबियात रस्ते बांधायला गेला, तेव्हा दर पत्रात लिहायचा, माझ्यासाठी घरात बसून राहू नकोस, नाचायला जात जा. मी एकदाही गेले नाही. ते सत्याऐंशी साल. दिवसभर टाइप करायचे आणि पोस्टमनची वाट पाहायचे.

परतताना रोमुआल्दला फोन केला. म्हटलं, वसंतात येते. राहायला.

तो म्हणाला, "बसनं येणार की मी गाडी आणू?"

२६ नोव्हेंबर

संग्रहालयाला बाईंचे कागद द्यायचेत, म्हणून आज त्यांच्या पेट्या लावत बसले होते. तळाशी एक लिफाफा. आत सत्याऐंशीचं हस्तलिखित, बाईंचं वळणदार अक्षर, हिरवी शाई – *वाट पाहू नकोस*. स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. त्याला जोडलेली टंकलिखित प्रत. कोपऱ्यात माझी आद्याक्षरं. 'नको' नाही.

लिफाफ्यावर बाईंच्या आताच्या थरथरत्या अक्षरात – २२ मार्च २०२३. इर्मिनाला दाखवायचं नाही.

स्वयंपाकघरातून त्यांनी विचारलं, "काही सापडलं का गं?"

म्हटलं, "नाही."