आगळ पाठवू नकोस

मनवेलपाडा, विरार

प्रिय आई,
वाकून नमस्कार.

तुझ्या नातीची, ज्ञानदाची परीक्षा छान झाली. तिकडे गाय व्याली का? दादाची कंबर कशी आहे?

माझी लघवीची जळजळ मात्र तू म्हणतेस तशी उष्णतेची उन्हाळी नाही गं. तू पाठवलेलं कोकमाचं आगळ मी तुझ्या शब्दाखातर रोज घेत होते आणि आग वाढतच होती. परवा आचोळ्यात पाण्याच्या मोर्च्यापुढे बोलता बोलता मी मध्येच व्यासपीठावरून उतरले. भाषण संपलं समजून बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी शेजारच्या घरात संडासाची कडी लावून रडत होते.

तपासण्यांत काहीच निघत नाही, म्हणून दोन डॉक्टर म्हणाले, "मनाचं आहे." माझं डोकंच फिरलं! तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मूत्राशय भरलं की आतल्या अस्तराच्या पेशी रसायन सोडून नसांना खबर देतात. माझ्या पेशी घोटभर लघवीलाही बोंब ठोकतात, आणि आंबटाने त्या आणखी चवताळतात. औषध चालू आहे, पण पूर्ण बरं होईल असं त्याही म्हणाल्या नाहीत.

आई, दिसत नाही म्हणून दुखणं खोटं नसतं! हे हजार माणसांपुढे मी गर्जून सांगेन. पण घरात तुझे जावई जितेशसुद्धा आता म्हणतात, "जरा मन रमव." तेव्हा असं जगणं नको वाटतं. तू तरी तसं म्हणू नकोस.

आता आगळ पाठवू नकोस. तूच ये.

तुझी,
वसू