जावईबापूंचे लाड

दादा,

तू जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच नाही.

आमच्या प्रयोगशाळेत क्षयाचा एक जंतू आहे. कुठल्याच औषधाला दाद देत नाही, म्हणून मी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. आठ वर्षं त्याला नळीत वाढवतेय. "काय बापू, आजचंही पसंत नाही का?" म्हणून हसतेय.

काल नव्या औषधाने तो मेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो मुळात कोणाच्या थुंकीतून आला हे अहवालात लिहायचं होतं, म्हणून मी जुनी वही उघडली. नाव नव्हतं. वॉर्ड चार, खाट सात आणि तारीख. त्या दिवशी त्या खाटेपाशी डबी धरून मीच उभी होते. "थुंकायलाही लाजतोस होय रे?" असं तुला म्हटलं होतं.

वही मांडीवर घेऊन मी खाली बसले. ज्याने तुला खाल्लं त्याचेच लाड मी केले, दादा.

तेवढ्यात मॅडम आल्या. "अगं, बसलीस काय? चाचणी आणखी दोनदा करायचीय. बापूंना वाढव."

फ्रीजरमध्ये त्याच्या अजून नळ्या आहेत. आज एक काढली, त्याला पोटभर खाऊ घातलं. अजून दोनदा मारायचाय.

तुझी तोंडाळ धाकटी